विंडोज १० वरून ११ : घरचा गेमिंग पीसी विकायची घाई करू नका

रात्रपाळी (धागाकर्ता) | शनिवार, रात्री ११.४०

मंडळी, आमच्या घरच्या गेमिंग पीसीवर विंडोज ११ टाकून आज पंधरा दिवस झाले. हे मशीन भंगारात जाता जाता राहिलं. तसं इतर कुणाच्या घरी होऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

मशीन २०१८ च्या दिवाळीत लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेलं. इंटेल कोअर आय५ ८४००, बी३६० चिपसेटचा बोर्ड, १६ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी, एक टीबीची हार्डडिस्क आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०. धाकटा भाऊ यावर व्हॅलोरंट खेळतो. मी कामावरून आल्यावर एज ऑफ एम्पायर्स टू लावतो. सकाळी बाबा याच मशीनवर सोसायटीचं इतिवृत्त टाइप करतात आणि जुलैत घरातल्या चौघांची आयकर विवरणपत्रं इथूनच भरली जातात.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट थांबले. भावाने मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक (मशीनवर विंडोज ११ चालेल का ते सांगणारं सॉफ्टवेअर) चालवलं तर सरळ नकार आला. घराजवळच्या एका दुकानात विचारलं. दुकानदाराने कॅबिनेट उघडूनही न पाहता सांगितलं, "सात वर्षांचं मशीन आहे, ११ घेणार नाही. नवीन बनवून देतो, हे आठ हजारांत ठेवून घेतो." बाबा पैसे काढायला निघालेही होते.

मला ते पटेना. विंडोज ११ ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आहे, आणि ८४०० मधला पहिला आकडाच पिढी सांगतो. मग अडतंय कुठे? विंडोजचं बटण आणि आर दाबून एमएसइन्फो३२ उघडलं. त्यात एक ओळ होती : बायोस मोड, लेगसी. म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर (बायोस) जुन्या पद्धतीने चालत होतं. तिथे सगळा उलगडा झाला.

२०१८ मध्ये ज्याने विंडोज टाकून दिलं, त्याने विंडोज ७ च्या काळातल्या सवयीने जुन्या पद्धतीने टाकलं होतं. म्हणजे डिस्कवर पार्टिशनची नोंद एमबीआर पद्धतीची. ही पद्धत १९८३ च्या पीसी डॉस २.० पासून चालत आलेली आहे. एमबीआर डिस्कवरून विंडोज सुरू करायचं तर बोर्डाला जुन्या बायोसचं सोंग घ्यावं लागतं, त्याला सीएसएम म्हणतात. सीएसएम चालू असेल तर सिक्युअर बूट, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू होत नाही. सिक्युअर बूटची सोय नसेल तर विंडोज ११ नकार देतं. शिवाय टीपीएम, म्हणजे सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा भाग, जो या इंटेल बोर्डांत पीटीटी नावाने आतच असतो, तो कारखान्यातूनच बंद आलेला. प्रोसेसर चांगला, रॅम भरपूर, आणि मशीन नापास. ते केवळ तीन सेटिंगांमुळे.

यात क्रम फार महत्त्वाचा आहे. मी पहिल्यांदा उलटा केला. थेट बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद केलं, सेव्ह केलं, आणि मशीन पुन्हा पुन्हा बायोसमध्येच येऊन थांबायला लागलं. बूट करायला डिस्कच सापडेना. भाऊ मागे उभा होता, त्याचा चेहरा पांढरा पडला. सीएसएम पुन्हा चालू केलं आणि विंडोज १० जसंच्या तसं आलं. डेटा कुठेही गेला नव्हता. तुमच्याकडे असं झालं तर फॉरमॅट मारायला धावू नका.

योग्य क्रम असा. आधी बॅकअप, तोही दुसऱ्या डिस्कवर. मग कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून विंडोजमध्येच असलेलं एमबीआर२जीपीटी चालवायचं (ते एमबीआरची नोंद जीपीटी या नव्या पद्धतीत बदलतं). पहिल्या वेळी व्हॅलिडेट आणि अलाउफुलओएस हे दोन शब्द स्लॅश देऊन जोडायचे (टाइप अर्थातच इंग्रजीत). यात फक्त तपासणी होते, डिस्कला हात लागत नाही. तपासणी पास झाली की व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. माझ्याकडे याला अर्धा मिनिटही लागला नाही. शेवटी स्क्रीनवर सूचना येते की आता फर्मवेअर यूईएफआय मोडमध्ये (बायोसच्या नव्या पद्धतीत) बदला. त्यानंतर बायोसमध्ये जाऊन सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, पीटीटी चालू, आणि बूटच्या यादीत विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर.

परत हेल्थ चेक चालवलं. सगळ्या ओळींना हिरवी खूण. बाबांनी ते स्वतः खुर्चीत बसून वाचलं.

पुढचं सोपं होतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशन असिस्टंट उतरवला, दीड तासात विंडोज ११ आलं. लायसन्स आपोआप चालू राहिलं, पैसे लागले नाहीत. गेम, फाइल्स, बाबांचा मराठी फोनेटिक कीबोर्ड, सगळं जागच्या जागी.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. मला जेवढं कळतं तेवढं सांगेन.

सोल्डरगन | रविवार, रात्री १२.१५

फार चांगलं लिहिलंत. मी नाशिकला दुरुस्तीचं काम करतो. ऑक्टोबरपासून रोज एकदोन मशीन याच कारणाने येतात आणि त्यातली बरीच तुमच्यासारखीच असतात, नुसत्या सेटिंगची.

दोन गोष्टींची भर घालतो. आपल्याकडे एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे भाग पाडून द्यायची पद्धत होती. एमबीआरमध्ये चारच प्रायमरी पार्टिशन बसतात, म्हणून डीपासून पुढची सगळी 'लॉजिकल' करून ठेवलेली असतात. एमबीआर२जीपीटीला लॉजिकल पार्टिशन चालत नाही. प्रायमरीही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत, कारण चौथ्याची जागा त्याला स्वतःला हवी असते. तपासणीतच नकार येतो. धागाकर्त्यांची एसएसडी वेगळी आणि तिच्यावर फक्त सी, म्हणून त्यांचं सहज झालं. ज्यांच्याकडे एकाच हार्डडिस्कवर चार ड्राइव्ह आहेत, त्यांनी एक लहानशी एसएसडी घेऊन तिच्यावर विंडोज ११ नव्याने टाकावं आणि जुनी डिस्क डेटासाठी तशीच लावून ठेवावी. नुसत्या डेटाची डिस्क एमबीआर असली तरी काही बिघडत नाही. हार्डडिस्कवर विंडोज ११ चालवणं तसंही जिवावर येतं.

दुसरं, बायोस अपडेटबद्दल. काही बोर्डांवर ते करावं लागतं. ते करताना वीज गेली तर बोर्ड मरतो. मागच्या महिन्यात असाच एक आला होता. पंखा फिरतो, लाइट लागते, स्क्रीनवर काही नाही. बायोसची चिप म्हणजे तांदळाच्या चार दाण्यांएवढी, आठ पायांची. तिच्यावर चिमटा लावून बाहेरच्या प्रोग्रॅमरने बायोस पुन्हा भरलं. एक पाय नीट टेकत नव्हता, त्यात दोन तास गेले. वाचला, पण प्रत्येक वाचतोच असं नाही.

इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बारीक बटण असतं. नॉर्मलवर असेल तर वीज पलटताना एवढा वेळ जातो की पीसी रिस्टार्ट होतो. पंखे-दिव्यांना ते कळत नाही, बायोसला कळतं. बटण यूपीएसवर करा, एकदा मेन स्विच पाडून मशीन तगतं का पाहा, मगच बायोसला हात लावा. आणि पुणेकरांनो, गुरुवार टाळा, त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाते.

धाकट्याचीआई | रविवार, सकाळी ८.०५

नमस्कार. मी इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. मुलगा दहावीला आहे. २०१९ मध्ये घेतलेला पीसी आहे, खोक्यावर आय५ ९४००एफ असं लिहिलंय. आम्हालाही सांगितलं की हा बदलावा लागेल, नव्याचे सत्तर हजार होतील. रॅमचे भावही वाढलेत म्हणे. मला बायोस वगैरे उघडायचं धाडस नाही. निदान नवीन घ्यायची गरज आहे की नाही एवढं मला घरबसल्या बघता येईल का?

रात्रपाळी | रविवार, सकाळी ९.३०

ताई, ९४००एफ म्हणजे नववी पिढी. प्रोसेसरमुळे तुमचं अडणार नाही, हे आत्ताच सांगतो. सत्तर हजार खर्च करायची गरज नाही.

बघायला दोनच जागा आहेत, आणि दोन्ही नुसत्या वाचायच्या, काही बदलायचं नाही. विंडोजचं बटण धरून आर दाबा, लहान खिडकी येईल. तिच्यात एमएसइन्फो३२ टाइप करा. उजवीकडे 'बायोस मोड' ही ओळ शोधा, लेगसी आहे की यूईएफआय ते लिहून घ्या. मग तीच लहान खिडकी पुन्हा उघडून टीपीएम डॉट एमएससी टाइप करा. टीपीएम सापडत नाही असं म्हणालं तरी घाबरू नका, बहुधा बंद असेल एवढंच. वेगळा तुकडा विकत आणायला कुणी सांगितलं तर आणू नका. जून २०२१ मध्ये विंडोज ११ च्या अटी जाहीर झाल्या तेव्हा टीपीएमचे सुटे तुकडे अनेकांनी दामदुपटीने घेतले होते. कितीतरी जणांच्या बोर्डात ते आतच होतं.

दोन्ही उत्तरं इथे टाका. आणि रॅमच्या भावाचं खरं आहे. २०२५ च्या शेवटी रॅम फारच महागली. आहे ते मशीन टिकवायला हे आणखी एक कारण.

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी १.२०

माझं दुखणं वेगळं आहे. रायझन ५ १६००, बी३५० बोर्ड, २०१७ चं मशीन. यूईएफआय आहे, जीपीटी आहे, टीपीएमही चालू केलं. तरी प्रोसेसर यादीत नाही म्हणून नकार. सहा कोअर, बारा थ्रेड, आजही सगळे गेम व्यवस्थित चालतात. रूफस या सॉफ्टवेअरने विंडोजचा पेनड्राइव्ह बनवताना अटी वगळायची खूण असते, ती करून टाकू का?

हेडफोन | रविवार, दुपारी २.१०

मी तसं केलंय, अनुभव सांगतो. माझा आय५ ३४७०, बोर्डात टीपीएम नावालाही नाही. रूफसने ११ टाकलं, टाकलं गेलं, सुंदर चाललं. रात्री व्हॅलोरंट उघडलं तर व्हॅन ९००१ हा एरर. विंडोज १० वर ज्या मशीनवर तो गेम रोज खेळत होतो, तिथेच बंद.

विंडोजच्या अटी चुकवता येतात, पण गेमच्या अँटीचीटच्या (फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) अटी वेगळ्या असतात आणि त्या चुकवता येत नाहीत. विंडोज ११ वर व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतं. बॅटलफिल्ड ६ सिक्युअर बूट मागतो. कॉल ऑफ ड्यूटी ब्लॅक ऑप्स ७ ला दोन्ही लागतात, आणि त्यासाठी विंडोज १० वर राहूनही सुटका नाही. तेव्हा ऑनलाइन स्पर्धेचे गेम खेळणाऱ्याने हे काम १० वर असतानाही करूनच ठेवावं.

मी परत १० वर आलो. माझ्यापुरता आता प्लॅटफॉर्म (बोर्ड आणि प्रोसेसर) बदलणं एवढाच मार्ग आहे, पैसे साठवतोय.

सोल्डरगन | रविवार, दुपारी ३.००

कृष्णाकाठ, तुमचं प्रकरण हेडफोन यांच्यासारखं नाही. तुमच्याकडे टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही आहेत, फक्त प्रोसेसर यादीबाहेर. व्हॅनगार्ड ती यादी बघत नाही. पण यादीबाहेरच्या मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीचं मोठं अपडेट बहुधा स्वतः पेनड्राइव्ह बनवून टाकावं लागतं.

तुमच्या जागी मी असतो तर प्रोसेसर बदलला असता. एएम४ सॉकेटचं (तुमच्या बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) हे मोठं सुख आहे. एएमडीने मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं की रायझन ५००० मालिका तीनशे मालिकेच्या (बी३५० सारख्या) बोर्डांवरही चालू देणार. म्हणजे २०१७ च्या बी३५० वर रायझन ५ ५६०० बसतो. तोच बोर्ड, तीच डीडीआर४ रॅम, तोच पॉवर सप्लाय. दोन्ही प्रोसेसर ६५ वॅटचेच. एक सुटा भाग बदलला की विंडोज ११ ची अटही पुरी होते आणि गेमचा वेगही चांगलाच वाढतो. नवीन पीसीच्या किमतीचा लहानसा हिस्सा लागेल.

मात्र तुमच्या बोर्डाच्या पानावर ५६०० चं नाव आणि त्याला लागणारी बायोस आवृत्ती आधी बघून घ्या. जुना १६०० बसलेला असतानाच बायोस अपडेट करा, नाहीतर नवीन प्रोसेसर घालून काळ्या स्क्रीनकडे बघत बसाल. काही बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच असल्याने नव्या आवृत्तीत जुन्या प्रोसेसरचा आधार काढून टाकलेला असतो. तिथे मागे फिरता येत नाही. पान नीट वाचा.

आणि अगदी ताजं बायोसच टाका. रायझनचं फर्मवेअरमधलं टीपीएम चालू असताना खेळ मध्येच अडखळायचा, हे एएमडीने स्वतः मार्च २०२२ मध्ये मान्य केलं होतं. त्याचा उपाय त्या वर्षी मेपासूनच्या बायोस अपडेटांमध्ये आला. लोक अजून त्या अडखळण्याचा दोष विंडोज ११ ला देतात. बायोस बघा म्हणावं.

म्युनिकवासी | रविवार, रात्री ८.४५

सगळे ११ वर जायला निघालेत म्हणून एक मधला मार्ग सांगून ठेवतो. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती असेल तर घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात. सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीची लिंक असते. इकडे युरोपात ते मोफत आहे. भारतात विंडोज बॅकअपने सेटिंग सिंक केलीत तर मोफत, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट किंवा ३० डॉलरएवढी रक्कम. मायक्रोसॉफ्टचं खातं मात्र लागतं. एका खात्यावर दहा कॉम्प्युटरांपर्यंत चालतं. साताऱ्याला आईबाबांच्या मशीनवर मी व्हिडिओ कॉलवर बसून पाच मिनिटांत करून दिलं.

हेडफोन, पैसे साठेपर्यंत तुम्ही हे कराच. मशीन उघडं ठेवू नका.

हेडफोन | रविवार, रात्री ९.१०

हे माहीतच नव्हतं. आत्ताच नोंदणी केली. मनापासून आभार.

पेंग्विनप्रेमी | रविवार, रात्री ११.३०

विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या लिनक्सचं नाव अजून कुणी काढलं नाही याचं वाईट वाटलं. हेडफोन यांच्यासारख्या मशीनवर ते उत्तम चालतं. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वने २०१८ मध्ये विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, २०२२ मध्ये त्यांचं हातात धरायचं गेमिंग यंत्र स्टीम डेक आलं, आणि तेव्हापासून स्टीमवरचे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणं हे खरोखर घरगुती काम झालंय. एज ऑफ एम्पायर्स टू मी त्यावरच खेळतो. टीपीएम नाही, खात्याची सक्ती नाही, जुना प्रोसेसर कुरकुर करत नाही. काउंटर स्ट्राइक २ आणि डोटा २ तर लिनक्ससाठी मुळातूनच बनवलेले आहेत.

व्हॅलोरंट चालत नाही, हे आधीच सांगतो. ब्लॅक ऑप्स ७ आणि बॅटलफिल्ड ६ सुद्धा नाही. पण तुमच्या यादीत हे तीन नसतील तर एकदा पेनड्राइव्हवरून करून बघा.

रात्रपाळी | सोमवार, रात्री १२.२०

पेंग्विनप्रेमी, बरोबर आहे तुमचं, आणि एकट्याचं मशीन असतं तर मी नक्की विचार केला असता. आमच्याकडे भावाचा व्हॅलोरंट आहे, त्यामुळे दार तिथेच बंद होतं.

व्यक्तिगत संदेशात तिघांनी विचारलंय की फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे गेमचा वेग) कमी झाल्या का. मी अपग्रेडच्या आधी आणि नंतर त्याच सेटिंगवर, त्याच नकाशावर, तीन-तीन वेळा मोजलं. व्हॅलोरंटमध्ये फरक सांगता येण्यासारखा नाही. एज ऑफ एम्पायर्समध्येही तेच. विंडोज ११ ने वेग वाढतो असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका आणि निम्मा होतो म्हणणाऱ्यांवरही ठेवू नका.

एक सेटिंग मात्र बघा. विंडोज सिक्युरिटीमध्ये डिव्हाइस सिक्युरिटी, त्यात कोअर आयसोलेशन, आणि त्यात मेमरी इंटिग्रिटी. नव्याने टाकलेल्या विंडोज ११ मध्ये ते बहुधा चालू असतं आणि काही खेळांत त्याने वेग थोडा घटतो. ते खेळताना बंद करून नंतर चालू करता येतं, असं मायक्रोसॉफ्टनेच लिहिलंय. आमच्या मशीनवरून विवरणपत्रं भरली जातात म्हणून मी ते चालूच ठेवलं. चार फ्रेम गेल्या तरी चालतील.

ज्यांच्याकडे माझ्यासारखं जीटीएक्स १०६० आहे त्यांच्यासाठी : एनव्हिडियाने या पिढीच्या कार्डांचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबवलेत. पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तीन महिन्यांनी सुरक्षेचे तेवढे येतील. हे विंडोज १० वर राहिलात तरी तसंच आणि ११ वर गेलात तरी तसंच. तेव्हा कार्डाच्या कारणाने अपग्रेड थांबवू नका.

आणि परतीची वाट. अपग्रेड केल्यावर दहा दिवसांपर्यंत सेटिंगमधून विंडोज १० वर परत जाता येतं. ही मुदत डिझम या आज्ञेने साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती दहा दिवस संपायच्या आत वाढवावी लागते. मी पहिल्याच दिवशी तीस करून ठेवली. मधल्या काळात डिस्क क्लीनअप चालवून जुनं विंडोज उडवू नका, नाहीतर वाट बुजली.

टिपकागद | सोमवार, सकाळी १०.५०

सेव्ह फाइल्सबद्दल कुणी बोललं नाही. अपग्रेडमध्ये त्या राहतात, पण ज्यांना नवीन एसएसडीवर नव्याने विंडोज टाकायचं आहे त्यांनी लक्ष द्या. गेम पुन्हा डाउनलोड होतो, खेळलेले दोनशे तास होत नाहीत. सेव्ह इंटरनेटवर ठेवणारं स्टीम क्लाउड सगळ्या गेमना नसतं. सेव्ह कुठे असतं याला काही नियम नाही. कधी डॉक्युमेंट्समध्ये माय गेम्स नावाने, कधी सेव्ह्ड गेम्समध्ये, कधी अॅपडेटाच्या पोटात. अॅपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं, ते दिसायला व्ह्यूमध्ये 'हिडन आयटम्स' वर खूण करावी लागते. मी माझ्या गावच्या मित्राचं मशीन फॉरमॅट मारताना फक्त डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप कॉपी केलं होतं. त्याच्या शेताच्या गेममधलं तीन वर्षांचं शेत गेलं. तो काही बोलला नाही, पण मला आजही आठवतं.

स्टीमचे गेम दुसऱ्या डिस्कवर असतील तर ते पुन्हा उतरवायची गरज नाही. नव्या विंडोजवर स्टीम टाका, स्टोरेजमध्ये जाऊन तो ड्राइव्ह जोडा, लायब्ररी आपोआप दिसते. महिन्याचा डेटा वाचेल.

सीडीवरच्या जुन्या गेमांना वाली नाही. ज्यांच्यावर सेफडिस्कचं (नक्कल रोखणारं) कुलूप आहे ते विंडोज १० पासूनच चालत नाहीत, त्यामुळे ११ मुळे नवीन नुकसान काही नाही.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री १०.१५

सोल्डरगन, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. बोर्डाच्या पानावर ५६०० चं नाव होतं. बुधवारी बायोस अपडेट केलं, इन्व्हर्टरचं बटण यूपीएसवर करूनच. ते खरंच नॉर्मलवर होतं! आज प्रोसेसर बसवला. जुन्या पेस्टने कूलर असा धरला होता की प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरसकट वर आला. पिना वाकल्या नाहीत, देवाची कृपा. दुसऱ्या कुणी करत असेल तर आधी दहा मिनिटं एखादा गेम चालवून मशीन तापू द्या, मग बंद करून कूलर ओढू नका, डावी-उजवीकडे हलकेच पिळत सोडवा.

पहिल्यांदा चालू केल्यावर काळ्या स्क्रीनवर इंग्रजीत आलं : नवीन प्रोसेसर बसवला आहे, टीपीएम रीसेट करायला वाय दाबा, नको असेल तर एन. मी तिथेच थांबलो आहे. मोबाइलवरून लिहितोय. काय दाबू?

सोल्डरगन | शुक्रवार, रात्री १०.२२

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू होतं का? असेल आणि वाय दाबलंत तर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, फोनवरून लॉगिन करून दिसते. आधी ती आहे का बघा. एन्क्रिप्शन नव्हतंच, तर बिनधास्त वाय.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री १०.५०

एन्क्रिप्शन नव्हतं, विंडोज १० होम आणि साधं लोकल खातं होतं. वाय दाबलं. विंडोज आलं, हेल्थ चेकही पास. उद्या अपग्रेड. तुमचं ऋण आहे माझ्यावर, नाशिकला आलो की भेटणारच.

सोल्डरगन | शुक्रवार, रात्री ११.०५

जरूर या. आणि इतरांसाठी : २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने नव्याने टाकलेल्या विंडोज ११ वर डिव्हाइस एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं. स्क्रीनवर ते ठळक कुठे सांगत नाही. पुढे कधीही बायोसला हात लावायच्या आधी ती ४८ आकडी की कागदावर लिहून कपाटात ठेवा, आणि एन्क्रिप्शन तात्पुरतं स्थगित करा. गेल्या महिन्यात एका काकूंच्या मशीनवर की सापडलीच नाही. नातवाने खातं कुठल्या ईमेलने बनवलं ते कुणालाच आठवेना. फोटो होते त्यात.

धाकट्याचीआई | शनिवार, संध्याकाळी ६.३०

रात्रपाळी, उशिरा कळवतेय. बायोस मोड : यूईएफआय. टीपीएम : सापडलं नाही. म्हणजे तुम्ही म्हणालात तसं फक्त बंदच आहे ना?

रात्रपाळी | शनिवार, संध्याकाळी ७.१०

हो ताई, फक्त बंद आहे. तुम्हाला डिस्क बदलायचीही गरज नाही. बायोसमध्ये पीटीटी चालू करायचं, सिक्युअर बूट चालू करायचं, झालं. बोर्डाचं नाव सांगितलंत तर नेमकं कुठल्या पानावर काय दाबायचं ते लिहून देतो, किंवा मुलाला माझ्याशी फोनवर बोलू द्या. पण दहावीचं वर्ष आहे, मधेच काही करू नका. विंडोज १० ची ती नोंदणी तेवढी करून ठेवा.

धाकट्याचीआई | रविवार, दुपारी १२.४०

नोंदणी केली. अपग्रेड परीक्षेनंतरच करू. टिपकागद यांनी लिहिलेलं वाचून लपवलेली फोल्डरं उघडली आणि मुलाला विचारलं, तुझं यात काय काय आहे? त्याने माइनक्राफ्टचं सेव्ह्ज दाखवलं. पाचवीपासून बांधतोय तो ते. आमच्या जुन्या वाड्यासारखा वाडा आहे त्यात, अंगणात विहीर, आणि विहिरीजवळ आजीची तुळस. मला माहीतच नव्हतं. दोन पेनड्राइव्हवर कॉपी करून घेतलंय, एक माझ्या कपाटात ठेवलाय.

बोर्डाचं नाव संध्याकाळी बघून टाकते.